करायचे आणि केलं

मराठी माणसाला फ्रेंचचा भूतकाळ अवघड जातो, याचं बरंचसं खापर मी इंग्रजीच्या माथी फोडते. शिकवताना मला हे रोज दिसतं. मुलगा घरी मराठी बोलतो, कारखान्यात हिंदी-मराठी मिसळून बोलतो आणि फ्रेंचच्या वहीत मात्र आधी इंग्रजी वाक्य रचतो, मग त्याचं फ्रेंच करतो. एरवी हे खपून जातं. भूतकाळाचा धडा आला की गाडी अडते.

तळेगाव स्टेशनच्या बाजूला भाड्याच्या खोलीत माझा संध्याकाळचा वर्ग भरतो. कोणकोण येतं? अकरावी-बारावीत 'स्कोरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं येतात. त्यांना नव्वदच्या वर मार्क हवे असतात आणि ते मिळतातही; पण पॅरिसला उतरल्यावर पाणी मागता येईल इतकं फ्रेंच त्यातल्या फार थोड्यांना येतं. चाकणच्या पट्ट्यातले इंजिनीअर येतात. तिथे लोरेआलचा कारखाना आहे, साँ-गोबँचा आहे, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या फ्रेंच कंपन्या आहेत. तिथलं काम इंग्रजीतच चालतं, पण पाहुण्यांशी जेवताना दोन वाक्यं बोलता आली तर बरं, असं त्यांना वाटतं. आणि अलीकडे सगळ्यांत जास्त येतात ते कॅनडावाले. 2023 पासून कॅनडानं एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या काढायला सुरुवात केली आणि मावळातल्या पोरांना अचानक फ्रेंचचं प्रेम फुटलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. भाषा शिकायला कुठलंही कारण चालतं. टिकायला मात्र दुसरं काहीतरी लागतं.

तर भूतकाळ. रोजच्या बोलण्यातल्या फ्रेंच भूतकाळाचं नाव 'पासे कोंपोझे', म्हणजे जोडून केलेला भूतकाळ. एक मदतनीस क्रियापद आणि त्याला लागून मुख्य क्रियापदाचं भूतकाळवाचक धातुसाधित. 'झे माँझे', मी खाल्लं. यातलं 'झे' म्हणजे 'माझ्याकडे आहे'. इंग्रजीवाल्या पोराला वाटतं, अरे हे तर 'आय हॅव ईटन'! आणि तिथेच तो फसतो. इंग्रजीत 'हॅव ईटन'बरोबर 'यस्टरडे' चालत नाही, हे शाळेत त्याच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. म्हणून 'काल' आलं की तो फ्रेंचमध्ये दुसरा कुठलातरी काळ शोधत बसतो. फ्रेंचला या 'काल'चं काही वाटत नाही. काल, परवा, पोर्तुगीज आले तेव्हा, सगळीकडे पासे कोंपोझे चालतो. आपल्या 'खाल्लं'सारखा. 'मी काल खाल्लं', 'मी आत्ताच खाल्लं', एकच रूप.

म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते, इंग्रजी दाराबाहेर ठेवा. मराठीत विचार करा, कारण इथे मराठी तुमच्या बाजूनं आहे.

हे मी उगाच भाषाभिमानानं म्हणत नाही. फ्रेंचमध्ये मदतनीस क्रियापदं दोन, 'आव्वार' म्हणजे जवळ असणं आणि 'एत्र' म्हणजे असणं. बहुतेक क्रियापदं पहिल्याला धरतात. जाणं, येणं, पोचणं, निघणं, आत जाणं, बाहेर पडणं, चढणं, उतरणं, पडणं, राहणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी मंडळी दुसऱ्याला धरतात. फ्रेंच शिक्षक फळ्यावर एक घर काढतात. कुणी दारातून आत येतंय, कुणी जिना चढतंय, कुणी खिडकीतून पडतंय, एका खोलीत पाळणा, एका खोलीत खाटेवर म्हातारा. या घरातल्या साऱ्या हालचालींना 'एत्र'. आणि 'एत्र' आलं की धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. पुरुष गेला तर एक स्पेलिंग, बाई गेली तर शेवटी आणखी एक 'इ', अनेक गेले तर 'एस'.

इंग्रजीत वाढलेल्याला हा छळ वाटतो. मराठी माणसाला यात नवीन काय आहे? गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या, गेली. आपण पाच वर्षांचे होण्याआधीच हे करत होतो आणि तेही कानाला ऐकू येईल असं. फ्रेंचमध्ये बाई गेली काय नि बुवा गेला काय, कानाला दोन्ही 'आले'च. फरक फक्त कागदावर. (हो, फ्रेंचमध्ये 'गेले'ला 'आले' म्हणतात, आणि यावर प्रत्येक नव्या वर्गात तोच विनोद होतो. मी आता हसायची थांबले आहे.)

खरी गंमत 'आव्वार'वाल्या क्रियापदांत आहे. तिथे कर्त्याशी जुळवायचं नाही. पण कर्म जर क्रियापदाच्या आधी आलं, तर धातुसाधितानं त्या कर्माचं लिंगवचन घ्यायचं. 'मी पत्रं लिहिली' असं सरळ म्हटलंत तर काही बदल नाही. 'जी पत्रं मी लिहिली ती' असं म्हटलंत तर 'एक्री'चं 'एक्रित' होतं, कारण पत्रं आधी आली आणि फ्रेंचमध्ये पत्र स्त्रीलिंगी. फ्रान्समधली शाळकरी पोरं या नियमापायी शतकानुशतकं मार्क घालवत आली आहेत. आता मराठी पाहा. मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी पोहे खाल्ले. खाणारा मीच, मी बाई की पुरुष याच्याशी 'खाल्ला'ला काही घेणं नाही. तो आंब्याकडे बघतो. व्याकरणाच्या तासाला कर्मणी प्रयोग म्हणून घोकलेली ही गोष्ट फ्रेंच माणसाला समजावून सांगायची तर त्याला स्वतःच्याच भाषेचा सगळ्यांत तापदायक नियम आठवतो. फरक इतकाच की आपण कर्म आधी आहे की नंतर याची फिकीर करत नाही.

हे असं का झालं असेल, याचं उत्तर दोन्हीकडे एकाच जातीचं आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये लोक म्हणायला लागले, 'माझ्याकडे लिहिलेली पत्रं आहेत'. यात 'लिहिलेली' हे पत्रांचं विशेषण. म्हणून पत्रांशी जुळणार. हळूहळू या वाक्याचा अर्थ 'मी पत्रं लिहिली' असा झाला, आणि मालकीचं क्रियापद नुसतं मदतनीस होऊन बसलं. इकडे संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्', माझ्याकडून पत्र लिहिलं गेलं. 'लिखितम्' पत्राचं विशेषण, पत्र नपुंसकलिंगी, म्हणून तेही नपुंसकलिंगी. त्या 'मया'चं प्राकृतातून येता येता आपलं 'मी' झालं, धातुसाधिताला 'ल' चिकटला, आणि 'मी पत्र लिहिलं' उभं राहिलं. म्हणजे आजच्या मराठीत आपण ज्याला कर्ता म्हणून मिरवतो तो 'मी' मुळात तृतीयेतला आहे. दोन्ही भाषांनी जुने, एका शब्दात मावणारे भूतकाळ बाजूला ठेवले आणि विशेषणाला क्रियापदाच्या कामाला जुंपलं. संस्कृतातला 'अगच्छत्' मराठीपर्यंत पोचलाच नाही. लॅटिनमधला तसा भूतकाळ फ्रेंचमध्ये पोचला, पण आता तो फक्त पुस्तकात राहतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

मराठीची ही सगळी वंशावळ शास्त्रशुद्ध रीतीनं मांडणारा एक मोठा ग्रंथ मुळात फ्रेंचमध्ये लिहिला गेला, हे माझ्या विद्यार्थ्यांना खरं वाटत नाही. झ्यूल ब्लोक या पंडितानं मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेलं पुस्तक 1920 साली पॅरिसला छापून आलं. पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ते मराठीत आणलं. मला नेहमी वाटतं, 'गेला-गेली-गेलं'कडे एवढ्या आपुलकीनं बघायला फ्रेंच माणूसच हवा होता. इंग्रज अभ्यासकाला तिथे आधी एक आश्चर्यचिन्ह काढावं लागलं असतं.

कर्माशी जुळवायचा फ्रेंच नियम मात्र लोकांच्या तोंडून आपसूक आलेला नाही. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीनं इटालियनचा दाखला देत तो पद्यात सांगितला आणि पुढे वैयाकरणांनी तो डोक्यावर घेतला. मारोनं इटलीहून दोन गोष्टी आणल्या, एक गुप्तरोग आणि दुसरा हा नियम, आणि दुसऱ्यानंच जास्त नुकसान केलं, असा टोमणा व्होल्तेरच्या नावावर सांगतात. 1901 साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी परीक्षेत या बाबतीत थोडी सूट द्यायचा हुकूम काढला. शाळामास्तरांनी तो फारसा मनावर घेतला नाही. 2018 साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी पुन्हा मागणी केली की 'आव्वार'पुढचं धातुसाधित कधीच बदलू नये, विषय संपवा. फ्रान्समध्ये त्यावर केवढा गदारोळ झाला! मी स्वतः नियम ठेवा या बाजूची आहे, पण माझं मत मोजू नका. 'पोळी खाल्ला' असं ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांना या बाबतीत तटस्थ राहता येत नाही.

मराठी मात्र सगळीकडे हात धरून नेत नाही. 'मी झोपले', 'मी हसले', 'मी धावले' ही आपल्याकडे 'मी गेले'च्याच रांगेतली. म्हणून मुलं झोपण्यालाही 'एत्र' लावतात. फ्रेंचमध्ये झोपणं, हसणं, धावणं ही 'आव्वार'वाली. माणूस धावला तरी त्यांच्या लेखी तो होता तसाच राहिला. पोचला, निघाला, मेला, तर काहीतरी पालटलं. आपण हा भेद करत नाही. दुसरी अडचण 'ला'ची. 'मी मुलगी पाहिली' म्हटलं की क्रियापद मुलीशी जुळतं, 'मी तिला पाहिलं' म्हटलं की 'ला' मध्ये येऊन सगळं तोडतो आणि क्रियापद नपुंसकलिंगात जाऊन बसतं. फ्रेंच मात्र 'तिला पाहिलं' म्हणतानाही 'ती' स्त्री आहे हे विसरत नाही, एक मुका 'इ' लावतो. लग्नाच्या बोलण्यातली आपली दोन वाक्यं, 'मुलगी पाहिली' आणि 'तिला पाहिलं', यांत व्याकरणापलीकडेही बरंच अंतर आहे, पण तो विषय वेगळा.

आणि तिसरी अडचण 'होतो'ची. सोमवारी मी विचारते, रविवारी काय केलं? उत्तर येतं, पुण्याला गेलो होतो. आपण असंच बोलतो. 'गेलो' म्हटलं तर माणूस अजून तिकडेच असल्यासारखा वाटतो. 'गेलो होतो' म्हणजे गेलो आणि आलोसुद्धा. मुलं हे जसंच्या तसं फ्रेंचमध्ये नेतात आणि 'प्ल्यू-क-पार्फे' वापरतात. फ्रेंच माणूस मग वाट बघत बसतो, की बरं, तू पुण्याला गेला होतास, त्यानंतर काय घडलं? कारण त्यांच्याकडे हा काळ दुसऱ्या एका भूतकाळाच्या आधीचा. त्याला एकट्यानं उभं राहता येत नाही. मी लाल पेननं 'होतो' खोडते. दर आठवड्याला खोडते.

पण हे सगळं पाठांतराचं. ज्या ठिकाणी वर्ग खरा थबकतो ते ठिकाण पुढे आहे. फ्रेंचमध्ये भूतकाळाच्या गोष्टीला दोन काळ लागतात. घडलेल्यासाठी पासे कोंपोझे. चालू असलेल्या, नेहमीच्या, पार्श्वभूमीच्या गोष्टींसाठी 'अँपार्फे', अपुरा भूतकाळ. बनवायला सोपा. वर्तमानकाळातलं 'आम्ही'चं रूप घ्या, शेवट काढा, नवे प्रत्यय लावा. एकटं 'एत्र' तेवढं नियमाबाहेर. वापरायला मात्र अवघड. पाठ्यपुस्तकं सांगतात, दीर्घ क्रियेला अँपार्फे, क्षणिक क्रियेला पासे कोंपोझे. पुस्तकांतलं हे वाक्य मला कधीच पटलं नाही.

एका मुलाला वडिलांवर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. वडील इथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात होते; तो कारखाना आता बंद झालाय. त्यानं लिहिलं, वडील अकरा वर्षं त्या कारखान्यात काम करायचे. अँपार्फे. मी तो खोडून पासे कोंपोझे लिहिला. तो म्हणाला, "मॅडम, अकरा वर्षं म्हणजे लांबच की. तुम्हीच सांगितलं, चालू असलेल्याला अँपार्फे."

मी म्हटलं, "फ्रेंच राहू दे. मराठीत सांग बरं."

तो म्हणाला, "बाबांनी तिथे अकरा वर्षं काम केलं." आणि थांबला. 'अकरा वर्षं काम करायचे' हे त्याच्याच कानाला खटकलं असावं. आकडा घातला की वाक्याला कुंपण पडतं. सुरुवात ठरते, शेवट ठरतो. मग क्रिया अकरा वर्षांची असो की अकरा सेकंदांची, ती बाहेरून, पुरती बघितलेली असते. तिथे 'केलं' लागतं. लांबी मोजून काळ ठरत नाही. आपण कुंपणाच्या आत उभे आहोत की बाहेर, यावर ठरतो. फ्रेंचमध्येही तसंच, मराठीतही तसंच.

त्याच्या पुढच्या चार ओळी मात्र बिनचूक होत्या. वडील पहाटे उठायचे. कंपनीची बस चौकात यायची. रात्रपाळी असली की आई दार लोटून ठेवायची. सुट्टीच्या दिवशी ते मुलांना तळ्यावर न्यायचे. सगळीकडे अँपार्फे, एकही चूक नाही. मला त्या वहीत दोन कागद एकाखाली एक ठेवल्यासारखे दिसले. पहिली ओळ म्हणजे कंपनीनं हातात दिलेला अनुभवाचा दाखला. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक समाधानकारक होती. खालच्या चार ओळी घरातल्या. घरात कुणी 'केलं' म्हणत नाही, 'करायचे' म्हणतात. कारण घराला ती अकरा वर्षं बाहेरून दिसत नाहीत. त्यानंतर मी वर्गात दीर्घ आणि क्षणिक हे शब्द वापरणं सोडलं. दाखला लिहिताय की घरातलं सांगताय, एवढंच विचारते.

फ्रेंच लेखक या अपुऱ्या काळावर किती जीव टाकतात! फ्लोबेरच्या शैलीवर 1920 साली लिहिताना प्रुस्तनं त्याच्या अँपार्फेच्या वापराचंच मोठं कौतुक केलं. आनी एर्नोला 2022 साली नोबेल मिळालं. तिचं 2008 सालचं 'ले झाने' हे पुस्तक या काळाच्या आधारानं उभं आहे. युद्धानंतरची सगळी वर्षं, कपडे, जाहिराती, रविवारची जेवणं, एका बाईची आणि तिच्या पिढीची, 'असायचं, व्हायचं, बोलायचे' अशा सुरात. मराठी वाचकाला तो सूर परका वाटणार नाही. आपल्या आज्या याच काळात बोलायच्या. आमच्या वेळी तळेगावला हवा खायला लोक यायचे, क्षयाचे रोगी यायचे, गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये मोकळं माळरान असायचं.

आपल्याकडे याच कामासाठी आणखी एक जुनं रूप होतं. तो जाई, ती करी, ते बसत. रीतिभूतकाळ. हे मूळचं संस्कृतातलं वर्तमानकाळाचं रूप. झिजत झिजत ते मराठीत जुन्या सवयींच्या वर्णनाला उरलं आणि आता बोलण्यातून तेही गेलं. कथा-कादंबऱ्यांत अधूनमधून भेटतं. फ्रेंचमधल्या पुस्तकी 'पासे सँप्ल'ची गत अशीच. बाजारात कुणी बोलत नाही, पण परीकथा, इतिहास, कादंबऱ्या त्यातच लिहिल्या जात. 'छोटा राजकुमार' सोपं पुस्तक म्हणून हातात घेतलेला माझा विद्यार्थी दुसऱ्या पानावर तक्रार घेऊन येतो, की ही क्रियापदं तुम्ही शिकवलीच नाहीत. 1942 साली आलेल्या 'लेत्रांजे'मध्ये काम्यूनं हा पुस्तकी काळ टाकून जवळजवळ सगळी कादंबरी बोलीतल्या पासे कोंपोझेत सांगितली, तेव्हा सार्त्रनं त्यावर लेख लिहिताना काळाच्या या निवडीवर खास बोट ठेवलं. प्रत्येक वाक्य सुटं, मागच्या-पुढच्याला न चिकटलेलं. मराठीत असा धक्का देणं कठीण, कारण आपल्याकडे बोलायचा आणि लिहायचा 'गेला' एकच.

या 'एकच'मुळे मराठीतून फ्रेंचमध्ये जाणाऱ्या अनुवादकाची मात्र पंचाईत होत असणार. तळेगावहून चाकणला जाताना, कंटेनरांच्या रांगेत अडकलेलं असताना, इंदोरीच्या पुढे भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. तुकोबांचा डोंगर. गी दल्यूरी या फ्रेंच अभ्यासकानं केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद 1956 साली पॅरिसच्या गालिमारनं छापला. पुण्यात स्थायिक झालेल्या गी प्वातवँ यांनी दया पवारांचं 'बलुतं' फ्रेंचमध्ये नेलं, आणि हेमा राईरकरांबरोबर मावळ-मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हजारोंनी जमवल्या. या माणसांना प्रत्येक 'ल'कारापाशी थांबून विचारावं लागलं असेल, की हा 'आला' कुठला? दारात आत्ता आला तो, की पुराणात आला तो? आपल्याला तो प्रश्न पडत नाही, म्हणून आपण वेगानं लिहितो.

दोन काळ एकत्र चालवायचा सराव द्यायला मी गावाचीच गोष्ट देते. पुस्तकात असते ती पॅरिसच्या कुठल्यातरी मादामची चोरीला गेलेली पर्स. तिच्याशी आमचं काय देणंघेणं? आमच्याकडे 1779 आहे, आणि त्यात फ्रेंच माणूसही आहे. 1777 साली साँ-ल्यूबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्याच्या दरबारात आला. नाना फडणीसांनी त्याची बडदास्त ठेवली, आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. राघोबादादांना गादीवर बसवायचं निमित्त त्यांच्याकडे होतंच. 1778 च्या नोव्हेंबरात त्यांची फौज मुंबईहून निघाली, बोरघाट चढली आणि कूर्मगतीनं पुण्याकडे सरकू लागली. 4 जानेवारीला कार्ल्यापाशी त्यांचा कॅप्टन स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्यानं पडला. मावळात त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणतात. वडगावात त्याचं थडगं आहे. 9 जानेवारीला फौज तळेगावात पोचली. मराठ्यांनी गाव रिकामं करून जाळलं होतं. माणूस नाही, दाणा नाही, वैरण नाही. 11 तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि गुपचूप मागे फिरले. मराठ्यांनी त्यांना गाठलं, वडगावला कोंडलं आणि तह लिहून घेतला.

भूतकाळ शिकवायला यापेक्षा चांगला मजकूर मला मिळालेला नाही. निघाली, चढली, पोचली, फिरले ही सगळी फळ्यावरच्या घरातली, 'एत्र'वाली. ढकलल्या, जाळलं ही 'आव्वार'ची. 'ज्या तोफा त्यांनी तळ्यात ढकलल्या' असं म्हटलं की तोफा आधी आल्या आणि धातुसाधिताला जुळवावं लागलं. वर मराठीत 'ढकलल्या' आधीच जुळलेलं आहे, हे दाखवायची संधी. 'मराठ्यांनी गाव जाळलं होतं' इथे प्ल्यू-क-पार्फे अगदी जागच्या जागी, कारण इंग्रज पोचायच्या आधी ते झालेलं. त्या दिवशी मी 'होतं' खोडत नाही. आणि गाव ओस होतं, थंडी होती, रात्र होती, हा सगळा अँपार्फे. इथली मुलं त्या तळ्यावरून रोज जातात-येतात, त्यामुळे वाक्यांना उत्साह असतो. एकदा कुणीतरी लिहिलं होतं की तोफा अजून तळ्यात आहेत. वर्तमानकाळ. व्याकरणात चूक नव्हती.

यंदाच्या वर्गात भांडण लागलं ते एका वाक्यावरून. इंग्रज घाबरले. एकानं पासे कोंपोझे लिहिला, दुसरीनं अँपार्फे. फ्रेंचमध्ये दोन्ही बरोबर, अर्थ निराळे. पहिल्याचा अर्थ, जळलेलं गाव बघून त्या क्षणी त्यांची गाळण उडाली. दुसऱ्याचा, ते आधीपासूनच घाबरलेले होते. मी दोघांनाही पूर्ण मार्क दिले, पण वर्ग काही सोडेना. पहिला म्हणाला, घाबरलेले असते तर तळेगावपर्यंत आलेच नसते. इथे आले, धूर बघितला, मग टरकले. दुसरी म्हणाली, त्यांची रोजची मजल बघ की, कोसभरसुद्धा नीट चालत नव्हते, ही कसली छाती? चाकणला पाळीत काम करणारा एक एरवी मागे बसून पेंगत असतो, तोही उठून म्हणाला, "मॅडम, कार्ल्याला त्यांचा फाकडा मेला ना? चार तारखेला? मग तेव्हापासून घाबरत होते."

'तेव्हापासून'ला फ्रेंचमध्ये 'दप्वी'. आणि एखादी स्थिती तेव्हापासून चालूच होती असं म्हणायचं तर 'दप्वी'बरोबर अँपार्फेच लागतो, पासे कोंपोझे नाही. मी फळ्यावर वाक्य लिहिलं, ते कार्ल्यापासून घाबरलेले होते. दुसरीनं बाकावर हात आपटला. पहिल्यानं वही मिटली आणि म्हणाला, मग निदान राघोबादादांचं तरी पासे कोंपोझेत लिहू द्या.

मी विचारलं, "का रे?"

"ते तळेगावातच घाबरले असणार. पुणं इथून दिसायला लागतं."